डावखुरा

तिकीट दहा रुपये. पोरांना पाच.
सोमवारी बंद, आणि मिरचीचा लिलाव जोरात असला
तर बाकीचे दिवसही बंदच म्हणायचे,
कारण अख्खं दोंडाईचा तेव्हा शिंकत असतं
आणि काचेच्या पेटीतली रिळं बघायला कोण येतं.

मी दाराशी बसतो. पूर्वी इथेच बसून तिकिटं फाडायचो.
आता फाडत नाही, नुसती देतो.
लोक ती खिशात जपून ठेवतात.
टॉकीज आणि संग्रहालय यांत
फरक म्हणाल तर एवढाच.

धडगावकडच्या आश्रमशाळेची चाळीस पोरं आली,
त्यांनी एकही पाटी वाचली नाही,
प्रोजेक्टरच्या उजेडात हात घालून
भिंतीवर ससा केला, बोकड केला,
सरांच्या टकलावर शिंगं उगवली.
सुरतेचा एक साडीवाला पोस्टरांपुढे उभा राहून
फक्त स्वतःचे फोटो काढून गेला.
गफूर पिंजारी, आमचा जुना ऑपरेटर,
दर शुक्रवारी नमाजानंतर येतो,
‘हात लावू नये’ लिहिलंय तिथे हात लावतो.
मी बघत नाही.
अभिप्रायाच्या वहीत लोक लिहितात:
छान. अतिसुंदर. पंखे चालू करा.
एकाने लिहिलं, बाल्कनी, तिसरी रांग, कोपऱ्यातली खुर्ची,
आणि पुढे पानभर काहीच लिहिलं नाही.

तुळसाबाई कोळी आल्या त्या गुरुवारी,
सारंगखेड्याहून, नातवाच्या मोटारसायकलवर एका अंगाला बसून.
नातू बाहेरच थांबला, फोनवर.
लाल रेक्झिनची खुर्ची मी झटकून दिली.
त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.
"आमनी जागा मांगे शे," म्हणाल्या,
आणि काठी टेकत सरळ पडद्याच्या पलीकडे.

मला वाटलं, वाट चुकल्या.

मग अंधारातून आवाज येत राहिला:
जत्रेतला तंबू, घोड्यांच्या बाजाराला लागून,
मधोमध पांढरं कापड, पुढे पुरुष,
मागे बाया, तिकीट निम्मं.
खेळाआधी एक गडी पडद्यावर पाणी मारायचा,
ओल्या कापडातून चित्र पलीकडे उतरावं म्हणून.
दत्तजयंतीची थंडी, पुढच्या बायांच्या पदरावर थेंब,
तरी जागची हलायची नाही कोणी.
नावं उलटी पडायची. वाचता कुणाला येत होतं?
हिरो डाव्या हाताने तलवार उपसायचा,
डाव्या हाताने आईच्या ताटातला घास घ्यायचा.
"माले वाटे, तो डावखुराच शे."

पुढे पोरगा झाला. तोही तसाच.
सासऱ्याने हात पाठीशी बांधला, मास्तरने पट्टी तोडली,
शेजारीण म्हणाली, डाव्या हाताचा नैवेद्य देव घेत नाही.
तुळसाबाईंनी रात्री गाठ सोडली.
सकाळी पुन्हा बांधली गेली, रात्री पुन्हा सोडली.
का, ते घरात कधी बोलल्या नाहीत.
काय सांगायचं? तंबूत पाहिलंय म्हणून?

मी मशीन लावलं. आमच्याकडे चार मिनिटांची एक पट्टी आहे,
नाव नाही, गाव नाही, शेवटही नाही,
एक माणूस कंदिलापाशी बसून पत्र लिहितो, संपलं.
मीही मागे गेलो. तीस वर्षं या इमारतीत काढली,
इकडे फक्त झाडू आणि उंदीर असतात असं समजून.
चित्र पुसट होतं.
"पानी टाक ना रे भाऊ," त्या म्हणाल्या.

नियमात बसत नाही. मी बादली आणली.

कापड भिजलं तसा तो माणूस जवळ आला,
उजवीकडून डावीकडे लिहीत,
डाव्या हाताने,
आणि हाताखाली त्याची शाई फिसकटत नव्हती.
तुळसाबाईंनी पदर पुढे ओढला. थेंब पडत होते.

जाताना नातवाला म्हटलं, वहीत सही करा.
त्याने पेन घेतलं, तळव्याची कड ओळीवरून फिरली,
नाव अर्धं पुसलं गेलं.
आजी दाराबाहेर मिरच्यांचा वास घेत उभी होती.

पडदा वाळायला दोन दिवस गेले.
साहेबांनी विचारलं, हा डाग कसला.
मी म्हटलं, छत गळतं.
फेब्रुवारीत.